आवाज नसलेली लाइन

आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीवर कंपनीने झकास पाटी लावली आहे : 'सर्वांसाठी, मोफत.' ती रोज पुसायचं काम माझ्याकडे आलंय. मी ग्रंथपाल आहे. मी पुसत नाही.

पूर्वी इथली इंटरनेटची लाइन नगरपालिकेची होती. लोकांच्या पैशातून तारा टाकल्या, मग बंद पडल्या की दुरुस्तीला कुणी फिरकायचं नाही. शेवटी पालिकेने हात झटकले आणि सगळं कंपनीला देऊन टाकलं. त्या कागदावर माझ्या सख्ख्या दादाची सही आहे. तो खालच्याच मजल्यावर पालिकेत साहेब आहे. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत.

कंपनीचं यंत्र भलतंच हुशार. लाइनवर थोडा वेळ आवाज आला नाही, तर खुर्ची रिकामी आहे असं धरून ते लाइन तोडतं. तीनदा तुटली की त्या माणसाला दिवसभर लाइन मिळत नाही. आता माझे काका जन्मापासून बहिरे. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तेच बांधतात. त्यांची मुलगीही बहिरी, सासरी लांब असते. दोघं पडद्यावर हातांनी बोलतात. इथे मोबाइलला धड रेंज नाही, म्हणून याच खोलीत. हातांना आवाज कुठून येणार? तक्रारीला फोन लावला तर पलीकडची रेकॉर्ड केलेली बाई म्हणते, 'कृपया आपली अडचण स्पष्ट आवाजात सांगा.' मी सांगितली. स्पष्टच सांगितली. ती बाई तेच वाक्य परत म्हणाली.

एका दुपारी या चुलत बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी तिला बापाशी बोलायचं होतं. लाइन एकदा तुटली, दुसऱ्यांदा तुटली. मी शेजारी बसून बडबडू शकले असते, पण मी का बडबडू? ज्याने सही केली त्याने बडबडावं. खाली गेले आणि दादाला दंडाला धरून वर आणलं. लाइन तिसऱ्यांदा जोडली.

"बोल," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. इथे माणूस बसलाय एवढं त्या यंत्राला कळू दे."

"अगं, पालिकेकडे होती तेव्हा तरी कुठे धड चालत होती?"

"बंद पडायची. पण कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते ठाऊक होतं."

"आणि पैसा कुठून आणायचा? कंपनी स्वतःच्या खिशातून चालवते. धर्माची गाय आणि दात का गं नाही?"

"गाय आपलीच होती, दादा. तू चारा घातला नाहीस, वर दावंही दुसऱ्याच्या हातात दिलंस."

भांडण तापलं आणि लाइन टिकली. पलीकडे खाटेवर बसून बहीण सांगत होती, भीती वाटते बाबा, शुद्धीवर नाही आले तर?

"ती काय म्हणाली कळलं तुला?" मी दादाला विचारलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. सख्ख्या काकांची भाषा त्याला येत नाही. कधी शिकलाच नाही.

"सही करताना काका आठवले नाहीत का रे?"

दादा गप्प झाला. मीही काकांकडे बघत राहिले, बोलत राहायचं विसरले. काकांनी उत्तर द्यायला हात उचलले आणि पडदा काळा झाला.

काका थांबले नाहीत. आपल्याला ती दिसत नसली तरी तिला आपण दिसत असू, असं त्यांना वाटलं. काळ्या पडद्यासमोर त्यांनी सगळं सांगितलं : मी आहे, घाबरू नकोस, डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन. मग वळून विचारलं, तिला दिसलं ना?

माझे हात उठेनात. प्रश्न काय असेल ते दादाने काकांच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मान डोलावली. हो, दिसलं.

काकांनी बोटं हनुवटीला लावून हात त्याच्याकडे पुढे केला.

"काय म्हणाले?" दादाने विचारलं.

"तुझे आभार मानले."