मत नसलेली बाई

सर्वेक्षण कचेरीत बाईंना सगळे ‘कोरी पाटी’ म्हणत, आणि ही निंदा नव्हती, शाबासकी होती. फोनवरून लोकांची मतं विचारायची तर आपलं मत आवाजातसुद्धा डोकावता कामा नये. समोरचा म्हणाला, पृथ्वी सपाट आहे, तरी बाई त्याच सुरात म्हणत, “बरं. आणखी काही सांगाल?” असा गुळगुळीत आवाज कमवायला वर्षं जातात, आणि मग तो घरी जाताना कचेरीत काढून ठेवता येत नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

पुढच्या महिन्यात देशभर सार्वमत होतं: पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्न करू द्यायचं का. गेल्या आठवड्यात बाई दिवसभर तेच विचारून दमून घरी आल्या. एकुलता एक मुलगा समोर येऊन बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, “आई, कायदा झाला तर मी लग्न करणार आहे. माझ्या मित्राशी. तू ओळखतेस त्याला.”

आणि बाईंच्या तोंडून काय निघावं? “बरं. आणखी काही सांगाल?”

सांगाल! पोटच्या पोराला! बाईंनी जीभ चावली आणि सावरायला गेल्या, तर अजूनच बिघडलं. “म्हणजे, काळजी करू नकोस. निम्म्याहून जास्त लोक बाजूने आहेत.”

“आणि तू?”

बाईंना हे इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. “मी कुठे काय म्हणतेय,” एवढंच त्या पुटपुटल्या. मुलगा उठला तो थेट मित्राकडे राहायला गेला. बाईंनी दोनदा फोन केला, पण फोन कानाला लागला की त्यांचा आवाज आपोआप कचेरीतला व्हायचा, आणि मुलगा हां-हूं करून ठेवून द्यायचा.

आज तो सामान न्यायला आला होता. बरोबर मित्र, उंच, अबोल, बिचारा ओझी उचलायला. पुस्तकं गेली, कपडे गेले, आता लिहायचं टेबल दारातून काढायचं होतं. मित्र दाराबाहेर, मुलगा आत, मधे बाई, आणि ते आडवं घ्यावं की उभं यावर तिघांची कसरत चाललेली. टेबल गेलं की पोरगा गेला. येईल-जाईल, पण पाहुण्यासारखा, आई आपल्या विरोधात आहे असं धरून. सांगायला जावं तर पुन्हा कचेरीतलाच आवाज निघायचा.

तेवढ्यात दाराशेजारचा घरचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून मुलाने कोपराने स्पीकर लावला.

“नमस्कार, विवाहाचा कायदा आणि मतदानाचे नियम यांवर आम्ही लोकांची मतं जाणून घेत आहोत,” दुसऱ्याच कुठल्या कंपनीतली पोरगी एका दमात म्हणाली. “आधी एक सांगा, तुमच्या घरातलं कुणी सर्वेक्षणाच्या कामात आहे का?”

हा चाळणीचा प्रश्न. ‘हो’ म्हटलं की गच्छंती. या धंद्यातल्या माणसांचं मत या धंद्यात मोजत नाहीत. खोटं बोलणं सोपं होतं, पण खोटी उत्तरं देणाऱ्यांवर बाईंचा जन्माचा राग.

“हो, मीच आहे. आणि बाळ, जरा सावकाश वाच. लोकांना श्वास घेऊ दे.”

“अं... धन्यवाद,” म्हणून पोरीने फोन ठेवला.

मुलगा हसला, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. “सुटलीस बघ, आई. इथेही सुटलीस.”

हे मात्र बाईंना झोंबलं. “सुटले काय? तू विचार. विचार ना मला!”

“बरं. माझ्या लग्नाला...”

“अवघड प्रश्न आधी घेतात का? माणूस बिचकतो. मतदानाचे घे.”

“मतदानाच्या दिवशी सुट्टी असावी?”

“असावी. भरपगारी.”

“टपालाने मत पाठवू द्यावं?”

“आजाऱ्यांना द्यावं. धडधाकटांनी पाय मोकळे करावेत.”

“ओळखपत्र सक्तीचं?”

“असू दे, पण आधी फोटो बदला म्हणावं. माझ्या फोटोत मी फरार आरोपी दिसते.”

मुलगा बघतच राहिला. आईला मतं आहेत, आणि तीही इतकी चुरचुरीत, हे त्याला आजच कळत होतं. टेबलापलीकडे मित्र हसू दाबत होता. मग मुलाचा आवाज बारीक झाला. “आई, आमच्या लग्नाला तुझा विरोध तर नाही ना?”

“हा काय प्रश्न झाला? उत्तर पढवतोयस मला. नीट विचार, सगळे पर्याय दे.”

त्याने टेबलावरची पकड सावरली. “दोन पुरुषांना एकमेकांशी लग्न करता यावं, याच्याशी तुम्ही पूर्ण सहमत, काहीसे सह...”

“पूर्ण सहमत,” बाई म्हणाल्या.

पर्याय संपायच्या आत बोलणाऱ्यांना बाईंनी जन्मभर थांबवलं होतं. आज त्यांनाच दम धरवला नाही, आणि आवाज असा फुटला की कचेरीत नोकरीच गेली असती.

“उरलेले वाचू?” मुलाने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

“काही नको. अरे, हा भेटल्यापासून तू बाथरूममध्ये गायला लागलास. भयंकर गातोस. पण मी रोज दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. तू विचारलंस त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं.”

टेबल कधी खाली टेकलं ते कुणालाच कळलं नाही. मुलगा आईच्या गळ्यात पडला. दार अडलेलं, त्यामुळे मित्र बिचारा टेबलाखालून रांगत आत आला, आणि बाईंनी त्यालाही जवळ ओढलं.

मग काय, बांधच फुटला. लग्न हॉलमध्ये नको, गुदमरायला होतं. पोराने आपला तो तपकिरी कोट अजिबात घालायचा नाही. भाषणं करायची तर आटोपशीर. आणि याने केस जरा कमी करावेत.

“आई, अगं, कायदा तर होऊ दे,” मुलगा हसत म्हणाला.

“आपोआप होणार आहे का तो? सोमवारी साहेबांना सांगते, या विषयाचे कॉल मला देऊ नका, आता मी एका बाजूची झाले. चला, वरच्या मजल्यापासून मतं मागायला सुरुवात करू.” बाई टेबलाखालून वाकून बाहेर पडल्या आणि तरातरा जिना चढल्या. शेजाऱ्यांच्या बेलवर बोट टेकलं, पण बेल दाबली नाही.

“या ना रे लवकर दोघं,” त्या खाली बघून म्हणाल्या. “मला एकटीला भीती वाटतेय.”