परेशचं दुबार नाव

जयवंत मास्तरांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर अजून शाई शिल्लक होती. २००४च्या ऑक्टोबरात विधानसभेला मत दिलं, महिन्याभरात नख वाढलं आणि काळी रेघ निम्म्यावर सरकली. मुलगा परेश दिवाळीला अमेरिकेहून गावी, गिरीजला आला तो शर्टावर तिकडच्या झेंड्याची इवलीशी पिन लावून. मास्तरांनी आधी पिन पाहिली, मग त्याचं बोट.

"कोरंच आहे की. फोनवर तर म्हणालास, मत दिलं."

"दिलं ना बाबा. नागरिक झाल्यावरचं पहिलं मत. दीड तास रांगेत होतो. तिकडे शाई नसते, स्टिकर देतात."

"आणि स्टिकर काढून कोणी पुन्हा रांगेत आला तर?"

"असं कोणी करत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. पपईच्या चिकाने बोटावरची शाई घासून दुसऱ्यांदा आलेले कितीतरी महाभाग त्यांनी स्वतः दंडाला धरून शाळेबाहेर काढले होते. निवडणुकीच्या कामाला जुंपून घेत त्यांची तीस वर्षं गेली होती.

विनयाताईंनी चकल्या आणून ठेवल्या. "अहो, खाऊ द्या त्याला. तुझा माणूस आला ना रे निवडून?"

"नाही आई, पडला."

मास्तरांची चकली हातातच राहिली. "मग ही पिन कसली?"

"तेच तर सांगतोय. दुसऱ्याच दिवशी त्याने फोन करून समोरच्याचं अभिनंदन केलं. म्हणाला, आता आपण सगळे एक. बाबा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जगात दुसरीकडे कुठे होतं असं?"

"इथे मे महिन्यात अख्खं सरकार बदललं. कोणी कोणाला मारलं नाही. आम्ही वाडीत केळी कापत होतो."

"ते वेगळं."

"वेगळं कसं, तेवढं सांग."

देश, स्वातंत्र्य, महान असे शब्द परेशने एकामागून एक काढले. मास्तर वर्गात पाढे ऐकावेत तसे ऐकत राहिले. हिशेब कुठे बसत नव्हता. माणूस पडला, त्यात आनंद. रांग लावली, त्याचा अभिमान. रांग तर इथे रॉकेललाही लागते. पोरगं खोटं बोलत नव्हतं, हे तर आणखीच कोडं.

एवढ्यात फाटकातून सुनंदाबाई आल्या. एकेकाळी मास्तरांच्या हाताखाली शिकवायला लागलेल्या. आता मतदारयादी घेऊन घरोघर फिरायचं त्यांच्या गळ्यात पडलं होतं. ओट्यावर बसून त्या वाचू लागल्या.

"जयवंत, आहेत. विनया, आहेत. परेश..." त्यांनी समोर चकली खाणाऱ्या परेशकडे पाहिलं. "हे तर दिसतायतच."

"ते परदेशी नागरिक आहेत," मास्तर म्हणाले. "कापा."

परेशचं तोंड थांबलं. "बाबा, राहू दे ना. काय बिघडतं?"

"दोन-दोन देश कशाला लागतात तुला? एक महान आहे ना?"

"नाव आहे ते माझं. तुमच्या खाली आहे. अठराव्या वर्षी तुम्हीच घातलंत."

शेजारच्या मार्थाबाईंच्या लेकाचं नाव, यादीचं काम मास्तरांकडे असताना, त्यांनी असंच कापलं होतं. फर्डिनंड कुवेतला गेला होता आणि नियम म्हणजे नियम. "नाव ठेवा मास्तर, माझा पोर परत येनार हाय," म्हणत ती म्हातारी तीनदा येऊन गेली. त्यानंतर दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"राहू दे का सर?" सुनंदाबाईंनी हळूच विचारलं. "कोण बघतंय?"

"मी बघतोय. कापा."

बाईंनी लाल पेन काढलं. "कारण काय लिहू? मयत, स्थलांतरित की दुबार?"

विनयाताई आत निघून गेल्या. परेश पिनेशी चाळा करत होता. ती काढायची की घट्ट बसवायची, त्याचं त्यालाच कळत नसावं.

"दुबार," मास्तर म्हणाले.

"सर, दुबार म्हणजे आपल्याच यादीत दोनदा नाव. तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं ना? मग लिहा."

बाईंनी लिहिलं. तीस वर्षांत मास्तरांनी कागदावर उमटवलेली ही पहिली खोटी नोंद. ती खरोखर खोटी आहे का, हे मात्र त्यांना बाई पुढच्या घरी पोचल्या तरी ठरवता येईना.

"घे, चकली घे," ते परेशला म्हणाले. "आणि तो पडला तो, त्याने फोनवर नेमकं काय म्हटलं? पुन्हा सांग."