झुबेदाभाबीच्या स्लॅबचा मिक्सर

मिक्सर म्हटलं की तुम्हाला चटणी आठवली ना, मित्रांनो? अरे, मी तो नव्हे! मी खडी, वाळू, सिमेंट कालवणारा, डिझेल पिणारा, पोट सुटलेला एक जुना मिक्सर आहे. माझ्या पोटात सिमेंटचा एक गोळा चिकटून राहिलाय, म्हणून फिरताना मी जरा एका अंगाला झुकतो. त्या गोळ्याचीच ही गोष्ट.

१९९८ साली कोल्हापूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या बाळा मुकादमानं मला विकत आणलं. काय ते दिवस होते! गावची माणसं आखातात राबत, त्यांचा पैसा घरी येई आणि चिऱ्याच्या भिंती उभ्या राहत. स्लॅबच्या दिवशी मला हार, नारळ! मोहल्ल्यात स्लॅब असला की बिर्याणी, वाडीत असला की शिरा. स्लॅब पुरा झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. मी तर स्वतःला गावचा मानकरीच समजत होतो.

मग २००८ साल सरत आलं. झुबेदाभाबीच्या घराचं काम चाललं होतं. तिचा नवरा गुलाम रसूल दुबईत इमारतींचं वायरिंग करायचा. भाबी छोट्या झाराला घेऊन शेजारीच पत्र्याच्या खोपीत राहत होती. दारांवरच्या काँक्रीटच्या पट्टीचा माल माझ्या पोटात फिरत असतानाच तिला फोन आला.

“बाळाभाऊ, काम थांबवा,” ती म्हणाली. “तिकडं कंपनी बंद पडली. झाराचे अब्बा परत येतायत.”

बाळानं मला बंद केलं आणि तो डोकं धरून बसला. पोटातला माल ओतायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी बघतात तर त्याचा दगड झालेला.

तुम्ही म्हणाल, दुबईची कंपनी बुडाली, त्यात गावाचं काय गेलं? ऐका तर! बांधकामं थांबली म्हणून बाळानं मासळी घेणं सोडलं. मासळी खपेना म्हणून मासळीवाल्या काशीनं आपल्या घराचा गिलावा रद्द केला. आणि तो गिलावा करणार होता कोण? बाळाच! जो तो शहाणपणानं हात आखडत होता आणि त्या शहाणपणानं सगळ्यांच्याच चुली मंदावल्या. शेवटी बाळा माझ्यासाठी भंगारवाल्याला घेऊन आला. फार वाईट वाटलं हो मला.

तेवढ्यात झुबेदाभाबी आली. परत आलेल्या गुलाम रसूलच्या शेवटच्या पगारातून सिमेंट, सळ्या आल्या होत्या, पण मजुरीला काही उरलं नव्हतं. पावसाळा तोंडावर, खोप गळकी आणि घरावर छप्पर नाही.

“मजुरीशिवाय माणसं कशी येतील, भाबी?” बाळा म्हणाला.

“का हो, भातलावणीला सावड करता ना? आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या. मग स्लॅबला सावड केली तर काय बिघडलं? तुमचे हात रिकामे, यांचेही रिकामे. पैसा आटला, हात आटले काय?”

बाळा ओशाळला. “पण मिक्सरच्या पोटात दगड हाय.”

“मग फोडा! की तो पण दुबईला धाडायचा?”

भंगारवाला हात हलवत गेला. गुलाम रसूल छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या पोटात शिरला. काय ते घाव! पण इतकी सुखाची मारझोड मी कधी सोसली नव्हती. दगड निघाला, एक गोळा तेवढा चिकटून राहिला. त्यानं बाळाच्या घरचं वायरिंग करून दिलं, बाळानं काशीचा गिलावा केला आणि काशीनं स्लॅबच्या जेवणाची सगळी मासळी आणली.

स्लॅबच्या दिवशी सगळं गाव सावडीला आलं आणि मी झुकत झुकत, पण न थांबता फिरलो. दिवस कलता शेवटचं घमेलं वर गेलं.

“अम्मी, आता पाऊस आला तरी भिजायचं नाय ना?” झारानं विचारलं. भाबीनं तिला कडेवर घेतलं.

पुढं दिवस पालटले, पुन्हा पैसा येऊ लागला, गुलाम रसूल परत आखातात गेला. आता गावात तयार माल घेऊन मोठ्या गाड्या येतात आणि मी मागीलदारी उभा असतो. मित्रांनो, काम थांबलं तरी कामाची वस्तू धुऊन ठेवा. आणि वाईट दिवस आले तर घाबरून एकमेकांची कामं बंद पाडू नका. थांबलं की त्याचा दगड होतो, हे मी पोटात बाळगून सांगतो आहे.

स्लॅबच्या त्या संध्याकाळी सगळे पानांवर बसले होते. भाबी मात्र बादली घेऊन माझ्याकडे आली.

“भाबी, जेवून घ्या आधी,” बाळानं हाक मारली.

“आधी याचं पोट धुते,” ती म्हणाली, “मग माझं भरते.”