करमत नाही म्हणजे

शालिग्राम मेहकरहून धाड गावी भाऊरावकडे आला आणि चहा यायच्या आतच शहाणपण वाटायला लागला. तो भाऊरावच्या बायकोचा, जनकाबाईचा, थोरला भाऊ. निवृत्त ग्रामसेवक. आयुष्यभर दाखल्यांवर सह्या केल्या, त्यामुळे माणसाला काय झालंय याचाही दाखला आपणच द्यायचा, असा त्याचा समज.

"मोबाईलनं डोकं फिरलं पोरीचं, दाजी. मोबाईल काढून घ्या, लगन लावा. पाहा मंग कशी तुरूतुरू चालते."

आत खाटेवर भाऊरावची मयुरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. चोवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली पोरगी. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत पोलीस भरतीसाठी रोज सकाळी धावायला जायची. आता केसांना फणी नाही, ताटातली भाकर तशीच. काही विचारलं तर एकच उत्तर, "करमत नाही."

हेच भाऊरावनं अकरा महिने जनकाच्या तोंडून ऐकलं होतं. कुणी करमत नाही म्हटलं की आपली माणसं काय करतात? करमणूक पुरवतात. भाऊरावनं मोठा टीव्ही आणला. शेजारणींनी तिला बचत गटात ओढलं. शालिग्रामनं आठ दिवस माहेरी नेलं आणि "आता करमते तिले" असं स्वतःच ठरवून परत आणून सोडलं. शेवटी त्यानंच कुण्या बाबाकडून मंतरलेलं लिंबूही आणलं. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला, विहारात पहिल्या रांगेत बसणारा माणूस! लिंबू रुमालात लपवून आणलं, एवढीच काय ती लाज. जनकानं आधी जेवण सोडलं, मग बीपीची गोळी. एका दुपारी मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. सगळ्यांना हायसं वाटलं. बीपी! चारचौघांत सांगण्यासारखा आजार मिळाला. दीड वर्ष भाऊरावही तेच सांगत होता.

आता गावातल्या आशा सेविका समताताई घरी येऊन म्हणाल्या होत्या, "काका, हिले बुलढाण्याले मनोविकाराच्या डॉक्टरले दाखवा. उशीर नोका करू."

हे कळल्यावर शालिग्राम खुर्चीतून अर्धा उठला. "येड्याच्या डाक्टरकडं? आन नेलंच तं हिच्या मायचं काई सांगजा नोका. कागदावर चढलं का सोयरीक येईन का पोरीले?"

भाऊरावलाही मनातून तेच वाटत होतं. शालिग्रामची किळस यायची ती होतीच, पण त्या दिवशी स्वतःची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी बापलेक जीपनं बुलढाण्याला गेले. दवाखान्यात बाकावर बसले तोच धाडचा एक जण समोर आला. "काय भाऊराव, इकडं कुठं?"

"दाढ दुखते," भाऊराव म्हणाला. डोक्यावर 'मनोविकार' अशी हातभर पाटी होती. त्या माणसानं ती वाचली आणि दाढेसाठी हळदीचा उपाय सांगून गेला.

डॉक्टर निवेदिता मयुरीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. "काय होतंय?"

"करमत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "करमत नाही म्हणजे कसं? जरा सांग."

मयुरी म्हणाली, "भाकर मातीसारखी लागते. लवकर जाग येते आन वाटते, आज पुन्हा दिवस काढा लागन. बाबा बोलतात ते दुसऱ्याच्या घरात बोलून राह्यले असं वाटते. रडूबी येत नाही."

"मरून जावं असं वाटतं का कधी?"

"कदी कदी."

करमत नाही यावर पुढे प्रश्न विचारायचा असतो, एवढं धाडपासून मेहकरपर्यंत एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. जनकाला हे विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती?

"घरात आधी कुणाला असा त्रास होता?" डॉक्टरांनी भाऊरावकडे पाहिलं.

बीपी जिभेवर तयारच होतं.

"हिच्या मायले," भाऊराव म्हणाला. "अकरा महिने. आमी दवाखान्यात नेलं नाही. बीपीनं गेली म्हणून सांगतो सगळ्याले, पण गोळी तिनं आपल्या मनानं सोडली होती. मले दिसत होतं."

मयुरी वळली. "आईले हेच होतं?"

"हाव."

"मंग मी आळशी नाही?"

"नाहीस," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार आहे, नैराश्य. याला औषध आहे. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर फरक दिसला नाही म्हणून गोळी सोडायची नाही. दर आठवड्याला समुपदेशनाला यायचं. गोळ्या वडिलांनी स्वतःजवळ ठेवायच्या. मरणाचा विचार जोर धरायला लागला, तर तारखेची वाट पाहायची नाही, तसंच निघून यायचं."

घरी शालिग्राम ठाण मांडून होता. "सांगतलं तं नाही ना?"

"सांगतलं."

"बुडवलं दाजी तुम्ही पोरीले!"

"मामा," भाऊराव म्हणाला, "माह्या पंपाच्या मोटारी दुरुस्तीच्या दुकानात अंगठेबहाद्दर गिऱ्हाईक येते. तेबी आपल्या मनानं सांगते, ही मोटार पहिलेबी जळली होती. तुम्ही तं शिकेल-सवरेल हाय. आता उठा, जीप भेटन तुमाले."

शालिग्राम गेला. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. भाऊरावचा हात ग्रीसनं भरलेला, म्हणून त्यानं स्पीकर लावला. "चालूच हाय काय येड्याच्या गोळ्या? पडला काई फरक?"

मयुरी खाटेवरून उठली. भिंतीला धरत आली आणि फोन उचलला.

"नाही पडला, मामा," ती म्हणाली. "तरी चालू हाय."

आणि फोन बंद करून तिनं बापापुढे हात केला. आजची गोळी राहिली होती.