कुलूप मीच लावलं

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा पुतळा आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा, पण मुठीत घेतलात तर वजन जाणवेल असा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या आयुष्याबद्दल गोड बोलतात, म्हणे. मला ते जमणार नाही. गेली कित्येक वर्षं मला स्वतःचीच किळस येते आहे, आणि ती का येते तेवढंच मला सांगायचं आहे.

तुमच्यातले काही जण टेबलावरचे गोष्टीचे खेळ खेळत असतील. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे फासे टाकतात आणि आमच्यासारखे पुतळे पुढे सरकवतात. अशाच एका खेळातला मी खलनायक. साधासुधा नव्हे, मेल्यावरही न मरणारा. उघड्या बरगड्या, डोळ्यांच्या जागी खोबणी, अंगावर फाटका झगा आणि उजव्या मुठीत एक किल्ली. त्या किल्लीकडे लक्ष असू द्या.

मला दोन भावंडांनी घडवलं. थोरली बहीण गोष्टी लिहायची. पुढे आमचा खेळ विकत घेणाऱ्या कंपनीतही सगळे तिला ताईच म्हणू लागले. धाकटा भाऊ पुतळे कोरायचा. एका खोलीत एकच टेबल होतं. तिच्या बाजूला कागद, त्याच्या बाजूला कानशी, मेण आणि शिसं वितळवायची छोटी कढई. ताई गोष्ट वाचून दाखवायची आणि धाकटा मान खाली घालून मला मेणात कोरत असायचा.

माझी गोष्ट अशी होती. मी एका शहराच्या वेशीवरचा पहारेकरी. शहराला आग लागली आणि लोक मिळेल ते उचलून वेशीकडे धावले. बाहेर जाणाऱ्या मालावर जकात असे. एवढ्या गोंधळात ती कोण भरणार, म्हणून मी दरवाजाला कुलूप घातलं आणि बुरुजावर जाऊन बसलो. लोक दाराशीच जळून गेले. पुढे माझी वेळ भरली तेव्हा मरण त्याच दाराशी आलं, पण मी त्यालाही दार उघडलं नाही. किल्ली माझ्याच हातात आहे. ती फिरवली की मी सुटलो. पण दारापलीकडे मरणाबरोबर आणखी कोण कोण उभं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून मी ती फिरवत नाही. गोष्टीच्या शेवटी दोन वाक्यं होती: ‘कुलूप त्यानेच लावलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.’

ही गोष्ट ताईला कुठे सापडली, हे फक्त त्या खोलीला माहीत होतं. दोघं लहान असताना त्यांची आई कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. बायका मधेच बाहेर जाऊन वेळ घालवतात, म्हणून तिथल्या सुपरवायझरने मागचं दार कुलूपबंद केलं होतं. एके दुपारी आग लागली आणि आई परत आली नाही. चौकशीत तो म्हणाला, मला वरून हुकूम होता. वरचे म्हणाले, आम्ही असा हुकूम दिलाच नाही. शेवटी सगळा दोष जुन्या वायरींवर टाकून मंडळी घरी गेली. तो माणूस यांच्याच गल्लीत राहायचा. चांगला ठणठणीत म्हातारा झाला, रोज सकाळी ओट्यावर ऊन खात बसायचा आणि येता-जाता या दोघांना विचारायचा, "काय रे पोरांनो, अभ्यास कसा चाललाय?"

"हा मरत कसा नाही रे?" ताई एकदा धाकट्याला म्हणाली होती. त्या प्रश्नातून मी जन्मलो.

मी लोकांना आवडलो. पोरं मला टेबलावर आणलेला पाहून खुर्ची मागे सरकवायची, आणि ती भीती खरी होती. खेळ एका मोठ्या कंपनीने घेतला, धाकट्याला तिथे नोकरी लागली आणि मी ‘मूळ नमुना’ म्हणून काचेच्या कपाटात जाऊन बसलो. माझ्यावरून रबराचे साचे निघायचे आणि त्या साच्यांतून माझी हजारो भावंडं. इथपर्यंत माझं आयुष्य सुखाचं होतं.

मग निघाली दुसरी आवृत्ती. कंपनीच्या साहेबांना वाटलं, पहारेकरी म्हणजे फारच किरकोळ माणूस. त्यांनी मला सम्राट केलं. म्हणे मी अमृत समजून विष प्यायलो. धाकट्याने मला कपाटातून काढलं, चिमट्यात धरलं आणि माझी किल्ली कानशीने घासून टाकली. तिच्या जागी तलवार बसवली. घर चालवायचं होतं, मी त्याला बोल लावत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत मी राजपुत्र झालो. माझी प्रेयसी वारली, दुःखाने मी वेडा झालो आणि एका मांत्रिकाने त्याचा फायदा घेतला. तलवार गेली, मनगटांत साखळ्या आल्या. मुलं माझी चित्रं काढून वहीवर चिकटवू लागली. चौथीत आकाशातून एक काळा दगड पडला आणि त्याने माझं डोकं फिरवलं. दर वेळी मी थोडा थोडा धुतला जात होतो. बिचारा, म्हणायचे लोक, त्याचा काय दोष? मला शिसारी यायची. ज्यांना मी जाळलं ती माणसं तर एकाही नव्या गोष्टीत उरली नव्हती. माझे अश्रू ठेवायला जागा करायची म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी मात्र ताईला बोलावणं आलं. जुन्या खेळाडूंना पहिला खलनायक परत हवा होता. ताई आता पिकली होती, काठी घेऊन चालायची. धाकटा निवृत्त झालेला, तोही सोबत आला. मला कपाटातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. नवा लेखक तरुण होता, स्वभावाने गरीब. त्याने ताईला पाणी दिलं आणि वाचायला लागला.

वेस परत आली होती. आग परत आली होती. ताईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांनी उजेड पाहिला. तेवढ्यात तो पुढचं वाचून गेला: राजाचा हुकूम आला आणि पहारेकऱ्याने रडत रडत दरवाजाला कुलूप घातलं.

"हुकूम?" ताई म्हणाली.

"हो ताई. म्हणजे तो वाईट नव्हता, परिस्थिती वाईट होती. लोकांना त्याची दया यायला हवी ना."

"येऊ दे की. मी कुठे नको म्हणते? पण कुलूप कोणी लावलं ते तरी राहू दे बाळा."

"तो भाग आता जरा एकांगी वाटतो."

ताईने मला उचलून तळहातावर घेतलं. आधीच्या सगळ्या आवृत्त्या खोट्या होत्या, पण दूरच्या खोट्या. ही मात्र त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडची होती, शब्दाला शब्द. त्या बिचाऱ्या लेखकाला ते ठाऊक नव्हतं आणि ताईने सांगितलंही नाही.

"मग खोक्यावरचं माझं नाव काढा," ती म्हणाली.

"अहो ताई, तुमच्या नावासाठीच तर लोक हे घेणार आहेत."

"म्हणूनच काढा."

पुष्कळ समजूत घालून झाली. ताई हलली नाही. शेवटी कंपनीने आठवण म्हणून मला एका डबीत घालून तिच्या हाती दिलं. नव्या आवृत्तीचा नमुना आता संगणकावर तयार होतो, माझी त्यांना गरज नव्हती.

घरी आल्यावर धाकट्याने खिडकीशी टेबल ओढलं, भिंग लावलं आणि माझ्या मनगटातल्या साखळ्या कापल्या. "ताई, ती किल्ली मीच घासली होती गं," तो म्हणाला. ती म्हणाली, "माहितीये. आता कर."

त्याने साखळीचेच तुकडे कढईत वितळवले. किल्ली पहिल्यासारखी सुबक झाली नाही, दातही जरा वाकडे आले. पण ती माझ्या मुठीत आहे.

आता मी त्यांच्या आईच्या फोटोसमोर उभा असतो. तिथे उभं राहणं सोपं नाही, आणि ते सोपं असूही नये.

मित्रांनो, जुन्या वस्तू जाता जाता म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. धूळ बसू दे, रंग उडू दे. पण उद्या तुम्ही गोष्ट सांगायला बसाल आणि माझी दया आली, तर आधी वेशीपाशी जाऊन आतल्या माणसांना विचारा. त्यांच्या वतीने मला माफ करू नका. कुलूप मीच लावलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.