सरुबाईंच्या हाताखालची मशीन

मित्रांनो, कात्रजच्या या शेडमध्ये आज माझी गणती जुन्यांत होते. मी एक सीएनसी मशीन आहे. आकडे भरले की लोखंड आपोआप कापून मी त्याला हवा तो आकार देते. पण नव्वदच्या दशकात मी बंगळुरूहून इथे आले, तेव्हा काय थाट होता माझा! क्रेनने मला उतरवलं आणि अख्खी गल्ली बघायला लोटली. शेडच्या मालकीण हेमाताईंनी नारळ फोडला. "गाड्यांच्या नव्या कंपन्या येताहेत," त्या म्हणाल्या. "आता आपणही मागे राहायचं नाही!"

हिंदुराव मात्र माझ्याकडे फिरकले नाहीत. ते हाताने चालवायच्या लेथवर लोखंड कातणारे जुने कारागीर. "बटणं दाबाया मी काय लिफ्टवाला हाय?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

त्यांची बायको सरुबाई शेडमधला लोखंडाचा कीस झाडायची. तिचा झाडू माझ्या काचेपाशी येऊन थांबायचा. एकदा तिने हेमाताईंना विचारलंच.

"ताई, ही आपसूक हत्यार कशी बदलती ओ?"

"शिकायचंय?"

"मी सातवी शिकल्याली. जमंल?"

"आकडे वाचता येतात ना? मग झाडू ठेवा आणि या इकडे."

सरुबाईने पहिल्यांदा हिरवं बटण दाबलं, तो क्षण मी कशी विसरेन? दार सरकलं, पाण्याचा फवारा उडाला, पोलादाची साल रिबिनीसारखी सुटत गेली आणि आतून आरशासारखा दांडा बाहेर आला. सरुबाई लहान मुलीसारखी खदखदून हसली. घरी मात्र हिंदुरावांनी तिच्याशी अबोला धरला.

पुढे गाड्यांच्या एका कंपनीची माणसं आमची परीक्षा घ्यायला आली. पातळ कड्या करून दाखवायच्या होत्या. काम मिळालं तर शेड चालणार, नाहीतर कुलूप. आणि नेमक्या माझ्या कड्या लंबगोल निघू लागल्या! सरुबाईने झटकन लाल बटण दाबलं. हेमाताईंनी कडी मापून पाहिली. "मशीनची पकड कडीला दोनच बाजूंनी आवळतेय. कडीला सगळीकडून धरणारी गोल पकड हवी, आणि ती आत्ता हवी."

सरुबाई तडक नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, पकड करून देता का?"

"बटणं दाबून दमलीस व्हय?"

"दमले न्हाई. अडलंय. तुमच्याबिगर अडलंय."

हिंदुरावांनी बाह्या सरसावल्या. मग त्यांनी जुनी लेथ सुरू केली. त्यांनी केलेली पकड सरुबाईने मला बसवली. पुढची कडी निघाली ती चंद्रासारखी गोल! पाहुण्यांनी मान डोलावली आणि शेडमध्ये एकच जल्लोष झाला. त्या गलक्यात हिंदुराव बायकोजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मलाबी दाव की, कसं चालवत्यात."

मधली वर्षं वाईटही गेली. मंदी आली, माझ्या टाकीतलं पाणी आंबलं, काचेवर धूळ साचली. परवा शेडमध्ये यंत्रमानवाचा हात आला, तेव्हा वाटलं, झालं, आता मी भंगारात! पण आता शेडची देखरेख सरुबाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, "त्याला हिच्याशेजारी उभा करा. तो भरवंल, ही खाईल."

आता तो मला पोलादाचे घास भरवतो आणि मी नव्या दमाने फिरते! मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, त्याची काच पुसा. आणि दारात नवं काही आलं, तर जुन्याला उठवू नका. थोडं सरकून बसायला सांगा.