ईडीची पाठ

ईडिथ पिलिंग गेल्याचं नोरा थ्रेलफॉलला कळलं ते संध्याकाळच्या वर्तमानपत्रातून. चाळीस वर्षं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहिलेली बाई मंगळवारी हॉस्पिटलात मरते, आणि नोराला ते बुधवारी चिप्स खाताना, फुटबॉलच्या बातमीखालच्या चार ओळींत वाचायला मिळतं. ताट सरकवून ती उठली ती थेट कपाटाकडे गेली. रडायला पुढे वेळ होता, आधी काम होतं.

सॅल्फर्डच्या टॅनर गल्लीत कोणीही मेलं की बोलावणं नोराला यायचं. मयताला आंघोळ घालायची, हनुवटी बांधायची, डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांवर पेनीची नाणी ठेवायची, चांगलं पांढरं नेसवायचं, हे सगळं तिच्याकडे. डॉक्टर कधी नंतर यायचा, पाद्री त्याहून नंतर. मग चार वर्षांपूर्वी कौन्सिलचे साहेब आले, घरं राहण्यालायक नाहीत असा शेरा मारून गेले आणि पाठोपाठ गल्ली पाडली. माणसं शहरभर अशी उधळून दिली की कोण कुठे पडलं ते शोधायला दोन बस बदलाव्या लागाव्यात. नोराला गावाबाहेर नव्या वसाहतीत घर मिळालं. ईडी मुलाकडे, उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर गेली.

सामान बांधायच्या दिवशी ईडीनं तिच्या हातात कागदात गुंडाळलेला गाऊन ठेवला होता. जाड सुती, गळाबंद, लांब बाह्यांचा, पाठीमागून पुरता शिवलेला.

"मी गेले की तू घालायचास मला. दुसऱ्या कोणी नाही," ईडी म्हणाली होती. "माझी पाठ परक्यानं बघितलेली मला चालणार नाही, नोरा. आणि आमच्या रॉयला कळता कामा नये. शपथ घे."

नोरानं शपथ घेतली होती. ती पाठ तिनं एकदाच पाहिली होती, रॉयच्या वेळचं बाळंतपण करताना. पट्ट्याच्या पितळी बक्कलाचे वण होते. विल्फ पिलिंग गोदीतला मोठा माणूस, युनियनचा सेक्रेटरी, रविवारी टाय लावून फिरणारा. शनिवारी पबमधून आला की पट्टा काढायचा.

गुरुवारी सकाळी पिशवीत गाऊन, नवा साबण, टॉवेल आणि स्वतःचा एप्रन घेऊन नोरा निघाली. अकराव्या मजल्यावर दार उघडलं ते सुनेनं, मॉरीननं.

"अय्या, मिसेस थ्रेलफॉल! आम्ही कळवणारच होतो, पण धावपळच एवढी झाली ना."

"धावपळ व्हायचीच. कुठे आहे ती? आतल्या खोलीत?"

"इथे?" मॉरीन दचकलीच. "इथे कशाला आणू? अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीच्या शवगृहात आहे. ते लोक सगळं करतात हल्ली."

"सगळं म्हणजे? आंघोळसुद्धा?"

"सगळं. केससुद्धा सेट केलेत. इतक्या छान दिसतायत, तुम्ही ओळखणार नाही."

"मी नाही ओळखणार?" नोरा म्हणाली. "बरं. आंघोळ कोणी घातली? बाई होती का?"

"ते कोण विचारतं? एक तरुण होता, फार नम्र मुलगा."

नोरा कोट न काढताच खुर्चीवर टेकली. परका, त्यात पुरुष, त्यातही पोरगेला. ईडीनं आयुष्यभर बायकांच्या सार्वजनिक धुणीघरातसुद्धा बाह्या वर केल्या नव्हत्या, आणि शेवटी हे.

रॉय आतून आला. पस्तिशीचा, शिकलेला, तांत्रिक कॉलेजात शिकवणारा. त्यानं वाकून तिच्या गालाचा मुका घेतला.

"मावशी, तू आलीस ते बरं झालं. चहा घे. उद्या अकराला निघायचंय, तू आमच्याबरोबर पुढच्या गाडीत बस. आईला बाबांशेजारीच ठेवतोय. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं तेही ठरलंय, 'मरणातही साथ सुटली नाही.' कसं वाटतं?"

भिंतीवर विल्फचा फोटो होता, युनियनच्या बिल्ल्यासकट. नोरानं तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. तेरा वर्षांपूर्वी विल्फ गेला तेव्हा त्यालाही तिनंच आंघोळ घातली होती. त्याचे ते हात धुताना तिच्या मनात जे आलं होतं, ते पाद्र्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"गेल्या वर्षी ग्रंथालयात मी भाषण दिलं ना, टॅनर गल्लीवर, त्यात तुमच्या दोघींबद्दलच बोललो होतो. दारं सताड उघडी, एकाचं दुःख ते सगळ्यांचं. पाडून टाकलं हे सगळं कौन्सिलच्या लोकांनी! या इमारतीत समोरच्याचं नाव माहीत नाही मला."

असलं बोलणं नोरालाही आवडायचं. बसच्या रांगेत तीसुद्धा हेच बोलायची. आज मात्र तिला घाई होती.

"रॉय, माझं एक काम कर. मला तिथे घेऊन चल. तिनं हा गाऊन शिवून ठेवलाय, तेवढा मी घालते. दहा मिनिटांत होईल."

"आता नको गं, मावशी. सगळं नीट झालंय, कशाला हलवायचं? त्यांचा गाऊन आहे अंगावर, साटिनचा. मागून उघडा असतो म्हणे, घालायला सोपा पडतो."

"मागून उघडा?" नोराचा आवाज चढला. "म्हणजे बघितलं त्यांनी! काय बोलले? तुला काही बोलले का?"

"कशाबद्दल?"

"तिच्या पाठीबद्दल रे!"

रॉय बघतच राहिला. त्या नम्र पोरानं कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता, हे नोराला तेव्हा कळलं. शपथ तिनं घेतली होती, आणि मोडलीही तिनंच. तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"आईच्या पाठीला काय झालं होतं?"

"काही नाही. कोळशाच्या तळघरात पडली होती एकदा."

"पडली असती तर मला माहीत असतं. तुला कंपनीवाल्यांची कसली भीती वाटली मग?" वर्गात गणित सोडवून घ्यावं तसा तो एकेक पायरी विचारत होता. "मावशी, शनिवारी मला तुझ्याकडे का झोपवायचात? आईचं डोकं दुखतं म्हणायचात तुम्ही. दर शनिवारी दुखायचं?"

रॉयनं फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कशानं मारायचे?"

"पट्ट्यानं."

मॉरीननं कपबशी उचलली. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"अरे, एका विटेच्या जाडीची भिंत मधे. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुला तेवढं कळू द्यायचं नाही, अशी तिनंच शपथ घातली होती."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"भिंत ठोकायचो. विस्तव ढवळायच्या सळईनं, दोनदा. म्हणजे ऐकू येतंय, आता पुरे."

"मग थांबायचे?"

"कधीकधी."

"नाही थांबले तर?"

नोराला नवऱ्याला पाठीशी घालून खोटं बोलता आलं असतं. पण एवढं झाल्यावर तेही तिला जमेना.

"तर आमचा हॅरी रेडिओ मोठा करायचा."

रॉय खाली बसला.

"तो रेडिओ तुम्ही माझ्यासाठी लावायचात असं वाटायचं मला," तो म्हणाला. "चरबी लावलेला पाव, विनोदी कार्यक्रम, हॅरीकाकाच्या मांडीवर मी. आठवडाभर शनिवारची वाट बघायचो मी, मावशी. हसायचो मोठमोठ्यानं. पलीकडे तिला ऐकू जात असेल ना?"

"जायचं," नोरा म्हणाली. "ती म्हणायची, रॉय हसतोय म्हणजे ठीक आहे."

हे सांगून त्याला बरं वाटेल असं तिला का वाटलं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नवरा-बायकोच्या मध्ये पडायची रीत नव्हती रे," ती म्हणाली. "पोलिसांत गेलो असतो तर तिचीच अब्रू गेली असती. पोर सांभाळायचं, दुसऱ्या दिवशी सूप नेऊन द्यायचं, कोणाजवळ बोलायचं नाही. आम्हाला एवढंच येत होतं."

रॉय उठला. त्यानं दार उघडून धरलं.

"उद्या येऊ नका, मिसेस थ्रेलफॉल," तो म्हणाला.

त्यानं जन्मात तिला या नावानं हाक मारली नव्हती. ती उठली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

टॅनर गल्लीतलं एकही मयत आजवर नोराशिवाय निघालं नव्हतं. शुक्रवारी अकरा वाजता ती काळा कोट घालून वसाहतीतल्या घरात बसून होती, आणि आज तिचं कोणी जातंय हे शेजारीपाजारी एकालाही ठाऊक नव्हतं.